कोरं चिलखत कुणाचंच नसतं

उंची साधारण दीड इंच. गळ्यापासून पायापर्यंत चिलखत, खांदे डोक्याहून मोठे, हातात दंडाएवढी जाड बंदूक आणि पायाखाली 32 मिलिमीटरची काळी गोल चकती. हा सैनिक आजपासून अडतीस हजार वर्षांनंतरच्या काळातला आहे. त्याला ‘स्पेस मरीन’ म्हणतात. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात तो राखाडी प्लास्टिकचा जन्माला येतो आणि बोरिवली पश्चिमेला, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी असलेल्या टेबलावर त्याला रंग चढतो.

मी अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत, प्लास्टिक मोल्डिंगच्या एका गाळ्यात क्वालिटीला आहे. मशीनमधून पडलेला भाग भिंगाखाली फिरवायचा आणि फ्लॅश, सिंक, ओरखडा, काळा ठिपका यांतलं काहीही दिसलं की लाल क्रेटमध्ये टाकायचा, हे माझं काम. दिवसभर असे दोष शोधून घरी यायचं आणि रात्री दीड इंचाच्या चिलखतावर तेच ओरखडे, तेच पोचे आणि वर गंजही स्वतःच्या हाताने रंगवायचा. घरचे हसतात. मला त्यात विसंगती वाटत नाही. झीज कुठे होते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती खरी रंगवता येते.

छंद आला मुलुंडच्या भाच्याकडून. त्याला खेळायची हौस, रंगवायचा कंटाळा. “आत्या, तुझा हात हलत नाही, तूच बघ ना,” म्हणत त्याने एक डबा माझ्या घरी आणून ठेवला. तो डबा काही परत गेला नाही.

खेळाचं नाव ‘वॉरहॅमर 40,000’. दोन खेळाडू, दोन फौजा, मध्ये पडक्या इमारती मांडलेलं टेबल. नेहमीच्या मोठ्या डावाला 44 बाय 60 इंचांची जागा लागते, म्हणजे आपल्याकडचं डायनिंग टेबल भिंतीपासून ओढून त्यावर प्लायवूडची फळी टाकावी लागते. पट नाही, घरं नाहीत. कोण किती सरकला हे इंचांच्या टेपने मोजायचं. गोळी लागली का, हे फासा ठरवतो, आणि लागली तर चिलखताने अडवली का, हेही फासाच सांगतो. साध्या स्पेस मरीनचं चिलखत फाशावर 3 किंवा जास्त पडलं तर वाचवतं. त्याहून जाडजूड चिलखतातल्या ‘टर्मिनेटर’ला 2 पडले तरी पुरतात. खेळाचा सगळा भरवसा चिलखतावर आहे, म्हणून रंगवणाऱ्याची मेहनतही चिलखतावरच जाते.

टेबलावर लढाई मांडायची कल्पना जुनी आहे. प्रशियाच्या लष्करात 1824 च्या सुमारास अधिकाऱ्यांना डावपेच शिकवण्यासाठी नकाशा आणि फासे घेऊन ‘क्रीगश्पील’ खेळवत. 1893 मध्ये इंग्लंडच्या विल्यम ब्रिटन यांनी शिशाचे पोकळ सैनिक ओतायची पद्धत काढली. शिसं कमी लागू लागलं आणि सैनिक स्वस्त झाले. विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी अशाच सैनिकांसाठी नियम लिहिले आणि 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाने छापले. खेळ कुणासाठी, हे त्यांनी पुस्तकाच्या लांबलचक नावातच सांगून टाकलंय: बारा ते दीडशे वर्षांची मुलं आणि मुलांचे खेळ आवडणाऱ्या त्यातल्या त्यात हुशार मुली. पन्नाशीला टेकलेली मी त्या हिशेबात बसते की नाही, हे वेल्ससाहेबांनाच ठाऊक.

माणसाला यंत्राचं बळ देणारं चिलखत वाचकांच्या डोक्यात पक्कं बसवलं ते रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 1959 मधल्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या कादंबरीने. पुढे 1975 मध्ये लंडनला तिघा मित्रांनी ‘गेम्स वर्कशॉप’ ही कंपनी काढली. त्याच कंपनीतून 1987 मध्ये रिक प्रिस्टली यांनी लिहिलेला ‘वॉरहॅमर 40,000’ आला. त्याच सुमारास प्लास्टिकच्या स्पेस मरीनचा पहिला डबा निघाला. एका डब्यात तीस सैनिक. तोवर असे सैनिक प्रामुख्याने धातूचे असत. ही कंपनी डिसेंबर 2024 मध्ये लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या ‘फुटसी 100’ यादीत जाऊन बसली.

आपल्या बाजूला छोटे सैनिक नवे नाहीत. दिवाळी जवळ आली की बोरिवलीतही सोसायटीच्या कंपाउंडमध्ये विटा, माती आणि गोणपाटाचा किल्ला उभा राहतो आणि बाजारात मातीचे मावळे येतात. साच्यातून काढलेला मावळा हातात घेऊन आडवा धरा. दोन्ही कुशींवरून एक जोडाची रेघ गेलेली दिसेल. साच्याचे दोन अर्धे भाग जिथे भेटतात, ती ही जागा. नॉटिंगहॅमच्या सैनिकावरही तीच रेघ असते. आमच्या गाळ्यात तिला पार्टिंग लाइन म्हणतात.

ही प्रक्रिया मी रोज बघते. प्लास्टिकचा दाणा वितळवून, दाबाने, पोलादी डायमध्ये मारायचा. थंड झाला की डाय उघडते आणि भाग बाहेर पडतो. पण डाय सरळ उघडते, म्हणून आत कुठे खाच अडकली तर भाग निघत नाही. चिलखतातला सैनिक म्हणजे नुसत्या खाचा: काखेत, गुडघ्यामागे, बंदुकीखाली. त्यामुळे त्याचे तुकडे पाडावे लागतात. डबा उघडला की सैनिक दिसत नाही, प्लास्टिकच्या चौकटी दिसतात आणि त्यांत हात, पाय, धड, डोकी, खांदे सुटे अडकलेले असतात. भाच्याला ते कोडं वाटलं होतं. मी मात्र आधी गेट, म्हणजे तुकडा चौकटीला जोडणारी जागा, कुठे ठेवलाय ते बघितलं आणि डाय करणाऱ्याला मनात नमस्कार केला. बहुतेक ठिकाणी तुकडा चौकटीला अशा जागी जोडलेला होता, की कापल्यावरचा व्रण दुसऱ्या तुकड्याखाली झाकला जावा.

कटरने तुकडे सुटे करायचे, पातीची पाठ हलकेच ओढून जोडाची रेघ खरवडायची आणि मग चिकटवायचं. इथे फेव्हिक्विक वापरायचा मोह होतो. त्यापेक्षा प्लास्टिक सिमेंट बरं. हे सैनिक पॉलिस्टायरिनचे असतात. सिमेंट त्याचा पृष्ठभाग किंचित विरघळवतं, दोन्ही बाजू एकमेकींत मिसळतात आणि सुकल्यावर जोड राहत नाही, एकच तुकडा होतो. खरवडण्यात आळस करू नये. रेघ राखाडी प्लास्टिकवर दिसत नाही, पण रंग चढला की चिलखताच्या मधोमध उठून दिसते.

यानंतर प्रायमर, आणि इथे मुंबईची हवा आडवी येते. नुसत्या प्लास्टिकवर पाण्यातला रंग धरत नाही, म्हणून आधी स्प्रेने पातळ थर मारायचा असतो. परदेशी पुस्तकात कोरडी हवा, मध्यम तापमान असं लिहिलेलं असतं. जुलैत आमच्याकडे वाळत घातलेले टॉवेल तीन दिवस ओले राहतात. त्या दमट हवेत स्प्रे मारला तर थरावर पांढुरकी झाक येते आणि कडा भुरकट होतात. एप्रिल-मेच्या भर दुपारी उलटं घडतं. फवारा सैनिकापर्यंत पोचायच्या आत हवेतच सुकतो आणि त्याची पूड अंगावर बसून चिलखत खरखरीत होतं. मी गच्चीवर सकाळी लवकर जाते, खोक्याच्या आडोशाला सैनिक ठेवते आणि थोड्या अंतरावरून हात फिरता ठेवून पातळ थर मारते. पावसाळ्यात स्प्रे बंद, ब्रशने लावायचा प्रायमर.

पंख्याचंही तसंच. पंखा लावला तर पॅलेटवरचा ठिपका दोन मिनिटांत सुकतो, बंद केला तर आपण सुकतो. त्यावर तोडगा म्हणजे ओलं पॅलेट. झाकणाचा पसरट डबा घ्यायचा, तळाला पाण्यात भिजवलेला पातळ स्पंज आणि वर बेकिंगचा कागद. कागदातून ओल हळूहळू वर येते आणि रंग तासन्‌तास ओला राहतो. आपल्या हवेत स्पंजाला चार दिवसांत कुबट वास सुटतो. स्पंजाखाली तांब्याच्या तारेचा तुकडा टाकला की बुरशीला आळा बसतो.

रंग स्पेनच्या ‘वाय्येहो’चे, डेन्मार्कच्या ‘आर्मी पेंटर’चे किंवा गेम्स वर्कशॉपच्याच ‘सिटाडेल’चे मिळतात. सगळे महाग. शिकताना कॅम्लिनचे अ‍ॅक्रिलिक घेतले तरी चालतात. 1931 मध्ये दांडेकर बंधूंनी शाईपासून सुरू केलेल्या या कंपनीचं मुख्य कार्यालय आमच्याच एमआयडीसीत आहे, म्हणून थोडा जास्त जिव्हाळा. फक्त ट्यूबमधला रंग कागदासाठी आणि कॅनव्हाससाठी केलेला असल्याने दाट असतो, आणि दीड इंचाच्या चिलखतावरची खिळ्यांची डोकी त्याखाली बुजून जातात. टोन्ड दुधाइतका पातळ करून दोन-तीन हात द्यावे. पहिला हात डागाळ दिसतो, घाबरू नये. तिसऱ्या हाताला रंग एकसारखा होतो.

सैनिकाचा रंग आपल्या मर्जीने ठरवता येतो, पण खेळाच्या कथेत प्रत्येक पलटणीचा रंग नेमलेला आहे. ‘अल्ट्रामरीन्स’ निळे, ‘ब्लड एंजल्स’ लाल, ‘इम्पीरियल फिस्ट्स’ पिवळे, ‘सॅलमँडर्स’ हिरवे. पलटणीचं चिन्ह साधारणपणे डाव्या खांद्यावर असतं. भाच्याची फौज निळी आहे.

अंगभर निळा लावून झाला की सैनिक अगदीच खेळण्यातला दिसतो. कारण साधं आहे. खऱ्या माणसाच्या चिलखताला सूर्यप्रकाश स्वतःच सावल्या देतो. दीड इंचाच्या वस्तूवर त्या सावल्या इतक्या बारीक पडतात की हातभर अंतरावरून डोळ्याला कळतच नाहीत. म्हणून सावली आणि उजेड दोन्ही रंगवावे लागतात. आधी वॉश: अतिशय पातळ काळपट रंग, जो आपोआप खाचांमध्ये जाऊन बसतो आणि पत्र्याच्या दोन तुकड्यांमधली फट दाखवतो. मग कडा. चिलखताच्या प्रत्येक पत्र्याच्या धारेवर फिकट निळ्याची केसाएवढी रेघ. त्यासाठी ब्रश टोकाने चालवायचा नसतो, ब्रशची कूस धारेवरून सरकवायची असते, म्हणजे धारच रंग घेते. हात थरथरू नये म्हणून दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायची आणि कोपरं टेबलावर. एवढं जमलं की चिलखत टणक दिसू लागतं.

बहुतेक जण इथे थांबतात. माझं खरं काम इथून पुढे सुरू होतं. एवढं नीट रंगवलेलं चिलखत दुकानाच्या काचेतलं वाटतं, कुणी ते घालून कुठे गेल्यासारखं वाटत नाही. सैनिक गुडघ्यावर बसला असेल, भिंतीला खांदा घासला असेल, रोज त्याच हाताने बंदूक धरली असेल, तर ते चिलखतावर दिसायला हवं. रंग उडतो तो सगळीकडे सारखा उडत नाही. जिथे हात लागतो, जिथे घासतं, जिथे पाणी साचतं, तिथेच उडतो. दोन मांड्यांच्या मध्ये किंवा काखेच्या आत खरचटणार कसं? तिथे धूळ बसेल. ओरखडे जिकडेतिकडे मारले की चिलखत जुनं दिसत नाही, देवी आल्यासारखं दिसतं.

एका गुडघ्याच्या वाटीचं सांगते. डब्यासोबत आलेल्या फोमचा चिमटीएवढा तुकडा तोडायचा आणि काळपट तपकिरी रंगात बुडवून कागदावर टिपायचा, जवळजवळ कोरडा होईपर्यंत. मग वाटीच्या खालच्या अर्ध्या भागावर दोन-तीनदाच टेकवायचा. फोमच्या छिद्रांमुळे वेडेवाकडे ठिपके पडतात. हाताने काढलेले ठिपके नकळत एकसारखे होतात, म्हणून फोम. त्यातला मोठा ठिपका निवडायचा आणि बारीक ब्रशने त्याच्या खालच्या काठाला फिकट निळ्याची रेघ द्यायची. उजेड वरून येतो, म्हणून खड्ड्याची खालची कड चमकते आणि वरची अंधारात राहते. ही एक रेघ पडली, की सपाट ठिपका एकदम खोल जातो आणि रंगाचा टवका उडून खालचा पत्रा दिसतोय असं वाटतं. शेवटी गंज. खिळ्याच्या डोक्याखाली नारिंगी-तपकिरीचा टिंब ठेवायचा, स्वच्छ ओला ब्रश वरून खाली एकदाच ओढायचा. ओघळ खाली जाताना फिकट होत नाहीसा झाला पाहिजे.

यावर चाहत्यांमध्ये वाद आहे. कथेतलं चिलखत ‘सिरॅमाइट’ नावाच्या काल्पनिक पदार्थाचं आहे, त्याला गंज चढेलच कसा? भाचाही तेच म्हणतो. माझं उत्तर ठरलेलं: सिरॅमाइट नसेल गंजत, पण खिळे कुठल्या ठेकेदाराने पुरवलेत हे कुणाला ठाऊक?

गंमत सोडली, तरी वाद खोल आहे. गेम्स वर्कशॉपच्या स्वतःच्या रंगारी पथकाची शैली लख्ख आहे: स्वच्छ रंग, धारदार कडा. त्याच कंपनीत अनेक वर्षं काम केलेल्या जॉन ब्लांश या चित्रकाराची चित्रं मात्र गंजकट, काजळलेली, मेणाचे ओघळ आलेली, आणि त्यांच्या वाटेने जाणारे रंगारी जगभर आहेत. सिनेमात हा प्रश्न ‘स्टार वॉर्स’ने 1977 मध्येच सोडवला होता. त्यातली अवकाशयानं मुद्दाम मळवून, खरवडून, वापरलेली दाखवली आणि प्रेक्षकांना ती खरी वाटली. जपानमध्ये को योकोयामा यांनी 1982 पासून ‘हॉबी जपान’ मासिकात चिलखती पोशाखांची मॉडेलं दाखवायला सुरुवात केली. टाकाऊ किटच्या सुट्या भागांतून जोडलेली ती चिलखतं एखाद्या वर्कशॉपमध्ये राबल्यासारखी दिसत. माझं मत या मंडळींच्या बाजूने.

आणि या बाजूच्या माणसाला उपनगरासारखी शाळा नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर समुद्राची खारी हवा. बोरिवली-अंधेरी प्रवासात लोकलच्या दारातला मधला खांब बघा. खांद्याच्या उंचीवर, जिथे शेकडो हात रोज पडतात, तिथे तो घासून चकचकीत झालेला असतो. वर छताजवळ आणि खाली पायाशी मळकट. बंदुकीची मूठ रंगवताना मी तोच खांब आठवते: हात लागतो तिथे गंज नाही, लकाकी. अंधेरी पश्चिमेला वेसावे कोळीवाड्यात गेलात तर होड्यांवरचे रंगांचे थर बघा. निळ्याच्या टवक्यातून आधीचा हिरवा दिसतो, त्याच्या आतून लाकूड. लोखंडी कड्यांखाली गंजाचे ओघळ, आणि सगळे एका दिशेने. पाण्याचा टँकर बघा: गळतो तिथे तो स्वच्छ असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धुळीची किनार असते. हे लक्षात ठेवायला फोटो लागत नाही. दारात उभं राहायला जागा मिळाली तर बास.

खर्चाचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. परदेशातून येणारा डबा महाग पडतो, यात वाद नाही. म्हणून हल्ली बरेच जण 3डी प्रिंटरवर रेझिनचे सैनिक छापतात. वन-बीएचकेत हे करताना सांभाळा. कच्चं रेझिन त्वचेला बाधतं, हातमोजे आणि हवा खेळती हवीच, आणि उरलेलं रेझिन मोरीत ओतायचं नाही. नवख्याला माझा सल्ला वेगळा आहे. डबा नको, प्रिंटर नको. कुणाकडून तरी एकच सैनिक मागून घ्या, एक बारीक ब्रश, पाच रंग. अंगठ्याच्या नखावर ब्रशचं टोक फिरवून बघा, टोक फुटत असेल तर तो ब्रश वॉशला ठेवा आणि दुसरा घ्या. पहिला सैनिक स्वच्छच रंगवा. मळवायला आधी नीट रंग यावा लागतो.

खेळाच्या स्पर्धात्मक नियमांत पूर्ण रंगवलेल्या फौजेला 100 पैकी 10 गुण असतात. फासे कितीही वाईट पडले, तरी भाच्याचे ते दहा मी घरी बसून मिळवून देते. गंजाला वेगळे गुण नाहीत, म्हणून त्याची निळी पलटण आम्ही आपसात वाटून घेतली आहे. समोरच्या रांगेतले त्याचे, लख्ख. मागच्या रांगेतले जुने शिपाई माझे. मागच्या रविवारी मुलुंडला डाव झाला तेव्हा समोरच्या खेळाडूने आधी माझ्याच एका शिपायाला उचलून विचारलं, “हा कुठल्या लढाईतून आलाय?” मी त्याला वेसाव्याची ती होडी सांगितली. पुढचा अर्धा तास डाव बाजूला राहिला.